परदेशातून येणारा पैसा: आधार म्हणून घ्यायचा की विकासाची मदार त्यावर ठेवायची?

कामासाठी परदेशी गेलेल्या माणसांनी २०२४ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे सुमारे ६८५ अब्ज डॉलर पाठवले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. याच देशांत आलेली थेट परकीय गुंतवणूक आणि त्यांना मिळालेली सरकारी विकास मदत यांची बेरीज केली, तरी ती यापेक्षा कमी भरते. शिवाय ही फक्त नोंदीतली रक्कम. हुंडी-हवाल्याने आलेला किंवा सुट्टीवर येणाऱ्याने खिशातून आणलेला पैसा यात धरलेलाच नाही.

एवढा पैसा दरवर्षी येत असेल, तर त्याच्या जोरावर देश उभा करता येईल का, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांपुढे येणारच. माणसं बाहेर पाठवणं हेच धोरण करायचं का? आलेला पैसा 'उत्पादक' कामाकडे वळवायला सरकारने हात घालायचा का? की तो ज्याचा आहे त्याच्यावर सोडून द्यायचा? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. रेमिटन्स, म्हणजे परदेशातल्या माणसाने घरी पाठवलेला पैसा, घरांना सावरतो, पोरांना शिकवतो आणि देशाला परकीय चलनाच्या अडचणीतून तारतो. या तिन्ही गोष्टींना भक्कम पुरावा आहे. पण देशात कारखाने उभे करणं, न्यायालयं नीट चालवणं, शाळांत शिक्षक हजर ठेवणं ही कामं हा पैसा आपण होऊन करत नाही. त्यामुळे निवड 'रेमिटन्स की विकास' अशी नाही. कोणत्या देशाने त्यावर किती विसंबावं आणि सरकारने नेमकं कुठे लक्ष घालावं, ही खरी निवड आहे.

बाहेरून येणाऱ्या इतर पैशाशी तुलना

परकीय गुंतवणूक नफ्याच्या वासाने येते आणि नफा आटला की थांबते. सरकारी मदत देणाऱ्या देशाच्या राजकारणावर चालते. कर्ज परत करावं लागतं, तेही व्याजासकट. रेमिटन्सला यातलं काहीच लागू नाही. तो नात्यापोटी येतो आणि म्हणून घरी संकट आलं की उलट वाढतो. फिलिपिन्समधल्या एका अभ्यासात डीन यांग आणि ह्वाजंग चोई या अर्थतज्ज्ञांना असं दिसलं की, पावसाच्या लहरीमुळे घराचं उत्पन्न जेवढं घटलं, त्यातला सुमारे ६० टक्के खड्डा बाहेरगावच्या माणसाने पाठवलेल्या पैशाने भरून निघाला. इतक्या तत्परतेने पैसे देणारी विमा योजना गरीब देशांत शोधून सापडणार नाही.

स्थैर्याच्या बाबतीतही तेच. २००८-०९ च्या जागतिक मंदीत विकसनशील देशांकडे येणारं खासगी भांडवल कोसळलं, रेमिटन्स मात्र पाच-सहा टक्क्यांच्या आसपास घटला आणि पुढच्या वर्षी सावरला. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या सुरुवातीला, जागतिक बँकेने रेमिटन्स सुमारे २० टक्क्यांनी कोसळेल असं भाकीत केलं होतं. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली. लोकांनी स्वतःचं पोट आवळून घरी पैसे पाठवले, हे त्यामागचं एक कारण. ही आकडेवारी वाचताना ते विसरू नये.

गुंतवणुकीचं पारडं जड होतं ते दुसऱ्या कारणाने. बाहेरची कंपनी येते तेव्हा पैशाबरोबर यंत्रं, कामाची पद्धत आणि परदेशी ग्राहकही येतात. हजार कुटुंबांच्या खात्यात आलेल्या हजार छोट्या रकमांमधून असा कारखाना उभा राहत नाही आणि राहावा अशी अपेक्षाही करू नये. धरण, महामार्ग, वीजजाळं अशी एकरकमी मोठी कामं कर्जातून, करातून किंवा मदतीतूनच होतात. म्हणजे रोजची चूल, शाळेची फी, दवाखान्याचं बिल आणि देशाची आयात भागवण्यासाठी रेमिटन्सइतका भरवशाचा पैसा नाही. उद्योगाचा पाया घालायचा असेल, तर तो पैसा दुसरीकडूनच आणावा लागतो.

घराचा हिशेब आणि देशाचा हिशेब

घराच्या पातळीवर फारसा वाद नाही. रिचर्ड अ‍ॅडम्स आणि जॉन पेज यांनी २००५ मध्ये ७१ विकसनशील देशांची आकडेवारी तपासली. दरडोई रेमिटन्स १० टक्क्यांनी वाढला की गरिबीत जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३.५ टक्क्यांनी घटतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. टोंगा आणि वानुआतू या बेटांवरून न्यूझीलंडच्या शेतांवर हंगामी कामाला जाणाऱ्यांसाठी २००७ मध्ये योजना सुरू झाली. त्या घरांचं दरडोई उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं जॉन गिब्सन आणि डेव्हिड मॅकेन्झी यांनी दाखवलं. विकासासाठी आखलेल्या फार थोड्या सरकारी योजनांना असं यश मिळालेलं आहे.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो: हा पैसा खाण्यापिण्यात, लग्नात आणि घर बांधण्यात उडतो, उत्पादक कामाला लागत नाही. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. अर्धपोटी मुलाला पोटभर जेवण मिळणं ही त्या मुलातली गुंतवणूक आहे. घर बांधलं की गवंडी, सुतार, वीटभट्टीवाला यांच्या हातात पैसा जातो. आणि याबद्दल अंदाज बांधत बसायची गरजच नाही, कारण फिलिपिन्समध्ये इतिहासानेच एक मोठा प्रयोग करून ठेवला आहे.

१९९७ मध्ये आशियाई चलन संकट आलं आणि पेसो गडगडला. त्या वेळी फिलिपिनो कामगार डझनावारी देशांत विखुरलेले होते. सौदी अरेबिया, हाँगकाँग किंवा अमेरिकेत असलेल्याचा पगार डॉलरला बांधलेल्या चलनात किंवा डॉलरमध्येच होता, त्यामुळे त्याने पाठवलेल्या तेवढ्याच रकमेचे घरी एकाएकी कितीतरी जास्त पेसो होऊ लागले. कोरिया किंवा मलेशियात असलेल्याचं चलनही पडलं होतं, त्याच्या घरच्यांना तसा लाभ झाला नाही. कोणी मेहनती म्हणून जास्त मिळालं, कोणी आळशी म्हणून कमी, असं काही नव्हतं. केवळ आपला माणूस कुठल्या देशात आहे, यावर ते ठरलं. डीन यांग यांनी या दोन प्रकारच्या घरांची तुलना केली. ज्यांच्याकडे जास्त पेसो आले, त्यांच्या घरातली मुलं शाळेत जास्त टिकली, कामाला कमी जुंपली गेली आणि घरातल्या मोठ्यांनी स्वतःच्या धंद्यात जास्त तास घातले. भांडवल जास्त लागणारे धंदेही त्या घरांनी सुरू केले.

पुढे यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांऐवजी प्रांतांकडे पाहिलं आणि काळही लांबवला. ज्या प्रांतांतल्या स्थलांतरितांना त्या उलथापालथीचा लाभ झाला, ते प्रांत पुढच्या वर्षांत शिक्षणात पुढे गेले. त्यांच्या उत्पन्नवाढीचा मोठा वाटा परदेशातून नव्हे, तर देशातल्याच कमाईतून आला. हा निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पैसा विकास घडवतो, पण तो शिकलेल्या मुलांच्या रूपाने, एक पिढी उलटल्यावर. पाच वर्षांच्या निवडणुकीच्या चक्रात तो दिसत नाही.

देशाच्या हिशेबात चित्र धूसर होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या राल्फ शामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून सातत्याने मांडलं की, रेमिटन्स आणि आर्थिक वाढ यांच्यात सरळ नातं सापडत नाही, काही मोजमापांत तर ते उलटं निघतं. केवळ रेमिटन्सच्या बळावर विकसित झाला असा एकही देश दाखवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे. त्याला उत्तर म्हणून मायकल क्लेमेन्स आणि डेव्हिड मॅकेन्झी यांनी आकडेवारीतच दोष दाखवला. १९९० नंतर रेमिटन्समध्ये दिसणाऱ्या प्रचंड वाढीतला बराच भाग नोंदणी सुधारल्याचा परिणाम होता. वाढ जर मुख्यतः कागदावरची असेल, तर तिचा परिणाम उत्पादनात शोधून सापडेल कसा? दुसरं म्हणजे, पैसा पाठवणारा माणूस देशातून गेलेला असतो, त्याचं इथलं काम थांबलेलं असतं. एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने गेलं, तर देशाच्या उत्पादनात उडी दिसणार नाहीच. पण ज्या माणसाचं उत्पन्न तिप्पट झालं, त्याचं आयुष्य बदललेलं असतं.

दोन्ही बाजू वाचल्यावर माझा कल क्लेमेन्स-मॅकेन्झींकडे झुकतो. तरी शामी यांच्या गटाने उभे केलेले दोन धोके खरे आहेत आणि निर्णय घेणाऱ्याने ते गंभीरपणे घ्यायलाच हवेत.

पहिला धोका महागाईच्या वाटेने येतो. बाहेरचा पैसा भरपूर आला की जमीन, घरं, भाडी, मजुरी, सेवा यांचे भाव चढतात, कारण या गोष्टी आयात करता येत नाहीत. कपडे, फोन, यंत्रं मात्र बाहेरून येतात, त्यांचे भाव तेवढे वाढत नाहीत. परिणामी देशात माल बनवून परदेशी विकणारा कोंडीत सापडतो. त्याचा खर्च वाढला, विक्रीचा भाव तोच राहिला. कॅटलिना अमुएडो-दोरांतेस आणि सुसान पोसो यांनी २००४ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या १३ देशांबद्दल काढलेला अंदाज असा की, रेमिटन्स दुप्पट झाला तर खरा विनिमय दर, म्हणजे महागाईतला फरक धरून मोजलेला चलनाचा दर, सुमारे २२ टक्क्यांनी वधारतो. कापड शिवून निर्यात करणाऱ्या छोट्या कारखानदाराला एवढा फरक पुरेसा असतो. एल साल्वादोरमध्ये हा प्रकार स्पष्ट दिसला. त्या देशाने २००१ मध्ये डॉलरच चलन म्हणून स्वीकारला, म्हणजे चलन स्वस्त करून निर्यातदाराला वाचवण्याची वाटही बंद झाली.

दुसरा धोका सरकारच्या सवयींचा. लोकांकडे पैसा आला की ते खर्च करतात, खर्चावरचा कर तिजोरीत येतो, परकीय चलनाची गंगाजळी भरलेली दिसते. अर्थखात्याला कळ लागत नाही. कुटुंबं सरकारी शाळेऐवजी खासगी शाळेत आणि सरकारी दवाखान्याऐवजी खासगी दवाखान्यात जातात, त्यामुळे 'शाळा सुधारा' म्हणून ओरडणारे आवाजही कमी होतात. ज्या तरुणाने ओरडायचं, तो व्हिसाच्या रांगेत उभा असतो. रेमिटन्सचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो आणि तो कुठल्याही ताळेबंदात मोजला जात नाही.

दोन देश शेजारी ठेवून पाहिले तर

ताजिकिस्तानात २०२४ मध्ये रेमिटन्सचं प्रमाण देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे ४५ टक्के होतं. जगात हे प्रमाण सर्वांत जास्त. फिलिपिन्समध्ये ते आठ-नऊ टक्क्यांच्या घरात आहे. पण फरक नुसत्या प्रमाणाचा नाही.

ताजिकिस्तानचा जवळपास सगळा पैसा रशियातून येतो. २०१४ च्या शेवटी तेलाचे भाव आणि निर्बंध यांमुळे रूबल कोसळला, तेव्हा दोन्हीकडून फटका बसला. रशियातली बांधकामं थंडावली आणि जे मिळत होतं त्याचे डॉलर निम्मे होऊ लागले. २०१३ ते २०१६ या काळात डॉलरमध्ये मोजलेला रेमिटन्स जवळपास अर्ध्यावर आला. देशातल्या मोठ्या बँका डबघाईला आल्या आणि २०१६ च्या अखेरीस सरकारला त्यांच्यात भांडवल ओतावं लागलं. आधी सांगितलेलं 'संकटात रेमिटन्स वाढतो' हे सूत्र इथे लागू पडत नाही, कारण संकट पाठवणाऱ्याच्याच देशात होतं.

फिलिपिन्सची माणसं आखातात, अमेरिकेत, जपानमध्ये, सिंगापूरमध्ये आणि जगभरच्या जहाजांवर विखुरलेली आहेत. एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहतं. १९७४ च्या कामगार कायद्यापासून सरकारने बाहेर जाणाऱ्यांची भरती, करार आणि तक्रारी यांची यंत्रणा उभी केली. २०२१ अखेरच्या कायद्याने तर स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातंच आलं. तरीही फिलिपिन्सला मी आदर्श म्हणणार नाही. पन्नास वर्षं माणसं पाठवूनही घरच्या घरी पुरेसं चांगलं काम मिळत नाही, म्हणून दरवर्षी लाखो लोक बाहेर जातातच. आई-बापांवाचून वाढणाऱ्या मुलांची किंमत कुठल्या आकड्यात धरायची, याचं उत्तर कोणी अर्थतज्ज्ञ देऊ शकत नाही.

भारत रकमेत सर्वांत वरचा, २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर. पण अर्थव्यवस्थेच्या तुलनेत ते तीन-साडेतीन टक्के भरतं. अशा देशासाठी रेमिटन्स हा व्यापारातली तूट भरून काढणारा मोठा हातभार आहे, मदार नाही. त्यामुळे भारताचा अनुभव नेपाळला किंवा टोंगाला जसाच्या तसा लावता येत नाही.

सरकारपुढचे मार्ग

सक्तीचा मार्ग आधी बाजूला काढू. फिलिपिन्समध्ये मार्कोस यांच्या राजवटीत १९८२ च्या आदेशाने कामगारांना पगाराचा ५० ते ८० टक्के भाग बँकेमार्फत घरी पाठवणं बंधनकारक केलं होतं. न पाठवल्यास पासपोर्टचं नूतनीकरण अडणार होतं. कामगारांनी विरोध केला आणि १९८५ मध्ये शिक्षेच्या तरतुदी मागे घ्याव्या लागल्या. कराचीही तीच गत. ताजिकिस्तानात सीमापार बँक व्यवहारांवर ३० टक्के कर होता. २००१ मध्ये तो काढल्यावर बँकांमार्फत येणारा पैसा झपाट्याने वाढला. पैसा त्याआधीही येतच असणार, फक्त बँकेला टाळून. हीच गोष्ट उलट्या दिशेने लक्षात ठेवायला हवी, कारण अमेरिकेने २०२६ च्या सुरुवातीपासून रोखीने परदेशी पाठवलेल्या पैशावर एक टक्का कर लावला आहे.

बांगलादेशने उलटा रस्ता धरला. अधिकृत मार्गाने पैसे पाठवणाऱ्याला २०१९ पासून दोन टक्के आणि २०२२ पासून अडीच टक्के रोख प्रोत्साहन. यात पैसा हुंडीकडून बँकेकडे वळतो, पण हुंडीवाला आणि बँक यांच्या दरातली तफावत अडीच टक्क्यांहून मोठी असेल, तेव्हा हे प्रोत्साहन निष्प्रभ ठरतं. विनिमय दर कृत्रिमरीत्या धरून ठेवायचा आणि वर तिजोरीतून बक्षीस द्यायचं, यापेक्षा दर बाजाराजवळ आणणं स्वस्त पडतं.

मेक्सिकोची 'एकास तीन' योजना सगळ्यांना आवडते. झाकातेकास राज्यात १९९० च्या दशकात सुरुवात झाली आणि २००२ मध्ये ती देशभर नेली गेली. परदेशातल्या गावकरी मंडळांनी एक डॉलर दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक डॉलर घालत. पाणी, रस्ते, शाळा झाल्या, हे खरं. पण मंडळं जिथे संघटित होती तिथेच पैसा गेला. सर्वांत गरीब गावांची माणसं बाहेर गेलेलीच नव्हती किंवा विखुरलेली होती, त्यांना काही मिळालं नाही. निधीवाटपात पक्षाचा कल दिसल्याचंही अभ्यासकांनी दाखवलं. २०२० मध्ये योजना बंद झाली. माझा आक्षेप त्याहून साधा आहे: गावात पाणी आणणं हे सरकारचं कर्तव्य आहे, त्यासाठी परदेशात राबणाऱ्याकडून वर्गणी का घ्यावी?

रोख्यांचा मार्ग थोड्याच देशांना जमतो. इस्रायल १९५१ पासून परदेशस्थ ज्यूंना रोखे विकत आला आहे. भारताने १९९८ मध्ये अणुचाचण्यांनंतरच्या निर्बंधांच्या काळात अनिवासी भारतीयांकडून ४.२ अब्ज डॉलर आणि २००० मध्ये ५.५ अब्ज डॉलर उभे केले. इथिओपियाने २००८ मध्ये वीज कंपनीसाठी असाच रोखा काढला, त्याला प्रतिसाद तोकडा मिळाला. परदेशस्थ माणूस देशावर प्रेम करत असला तरी सरकारवर विश्वास ठेवेलच असं नाही. आणि हे कर्ज आहे, ते फेडायचं आहे, याचा विसर पडू देऊ नये.

मला सर्वांत जास्त पटणारे मार्ग दोन. एक, पाठवण्याचा खर्च कमी करणं. जगभरची सरासरी पाहिली, तर २०२३ च्या अखेरीस २०० डॉलर पाठवायला सुमारे ६.४ टक्के, म्हणजे १३ डॉलरच्या आसपास खर्च येत होता. त्यातला काही भाग उघड शुल्क असतो आणि उरलेला विनिमय दरात लपलेला. 'शून्य शुल्क' अशी पाटी लावणारा बहुधा दरात कापून घेतो. बँका सर्वांत महाग, मोबाइलवरून पाठवणं सर्वांत स्वस्त. आफ्रिकेच्या सहाराखालच्या भागात हा खर्च आठ टक्क्यांच्या जवळ होता. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलं आहे. तसं झालं तर ढोबळ हिशेबाने वर्षाला वीस अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम गरीब घरांत राहील. त्यासाठी कुणावर कर लावावा लागत नाही, कुणाची मनधरणी करावी लागत नाही. टपाल खात्याने किंवा बँकेने एखाद्याच मनी ट्रान्सफर कंपनीशी केलेले मक्तेदारीचे करार रद्द करायचे, मोबाइल सेवांना परवाने द्यायचे आणि दोन देशांच्या पेमेंट यंत्रणा जोडायच्या. काळ्या पैशाच्या भीतीने छोट्या कंपन्यांची बँक खाती बंद होतात, त्याकडेही पाहावं लागतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बँकेने सोमालियाला पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती बंद केली, तेव्हा असंख्य घरांचा महिन्याचा खर्चच टांगणीला लागला.

दुसरा मार्ग म्हणजे पाठवणाऱ्याच्या हातात लगाम देणं. वॉशिंग्टन परिसरातल्या एल साल्वादोरच्या स्थलांतरितांबरोबर दोन प्रयोग झाले. एकात त्यांना मायदेशातलं बचत खातं स्वतः पाहता-हाताळता येईल अशी सोय दिली, तेव्हा बचत वाढली. दुसऱ्यात त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी म्हणून वेगळे पैसे पाठवले, तर वर भर घालण्याची तयारी संशोधकांनी दाखवली. नुसती सोय दिली तेव्हा ती कोणीही वापरली नाही. प्रत्येक डॉलरमागे तीन डॉलरची भर दिली तेव्हा मात्र लोक पुढे आले आणि विद्यार्थ्याला मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे शिक्षणावरचा एकूण खर्च ३.७२ डॉलरने वाढला. म्हणजे भर घालायचीच असेल तर ती मुलाच्या शिक्षणात घालावी, गावच्या चौकात नाही.

कोणी काय निवडावं

रेमिटन्स उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत असेल, तर त्यासाठी वेगळं विकास धोरण आखायची गरज नाही. पाठवण्याचा खर्च उतरवावा, परदेशात आपल्या कामगाराला फसवणाऱ्या दलालांना आवर घालावा आणि उरलेली ताकद देशातल्या रोजगारावर लावावी.

प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे असेल आणि पैसा एकाच देशातून येत असेल, तर पहिलं काम धोका वाटून घेण्याचं आहे. दुसऱ्या देशांशी कामगार करार करावेत, चांगल्या वर्षांत परकीय चलनाचा साठा वाढवावा, बँकांना एकाच चलनावर विसंबू देऊ नये. चांगल्या वर्षात सरकारी पगार आणि अनुदानं वाढवून टाकणं ही अशा देशांतली नेहमीची चूक आहे. ती टाळता आली तरी पुष्कळ.

देशातल्या बँका गावापर्यंत पोहोचलेल्या नसतील, तर रेमिटन्स हाच छोट्या धंद्याचा भांडवलपुरवठा ठरतो. पाओला जुलियानो आणि मार्ता रुइझ-अरान्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं की, वित्तव्यवस्था कमकुवत असलेल्या देशांत वाढीवर त्याचा परिणाम जास्त दिसतो. काही अभ्यास याच्या उलट, मजबूत बँका असतील तरच लाभ होतो, असं म्हणतात. पण दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी पैसे घेणाऱ्या बाईच्या नावावर खातं असणं आणि त्या खात्याच्या नोंदीवर तिला कर्ज मिळणं, यात तोटा कुणाचाच नाही. दर महिन्याला न चुकता रक्कम जमा होणारं खातं हा बहुतेक जमीनतारणापेक्षा चांगला पुरावा आहे, आणि तो मान्य करायला बँकांना भाग पाडणं हे सरकारला एका परिपत्रकाने करता येतं.